मरुद्यान पाहायचं तर पाण्याच्या मागे चाला: अल ऐन ते निझवा, पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

मरुद्यान म्हटलं की आपल्याला वाळूच्या टेकड्या दिसतात, मध्ये निळं तळं आणि काठावर चार खजुरीची झाडं. मीही हेच चित्र मनात धरून पहिल्यांदा संयुक्त अरब अमिरातीतल्या अल ऐनला गेले होते. जुलै महिना होता आणि दुपारचे बारा वाजले होते. शारजाला बहीण राहते, तिच्याकडे आलेच होते म्हणून एका टूरच्या गाडीत जागा घेतली. गाडी फाटकाशी थांबली, चाळीस मिनिटं मिळाली, फोटो काढले आणि परत फिरलो. तळं कुठेच नव्हतं. उन्हात डोळे उघडत नव्हते. 'खजुराचं बन पाहिलं' एवढीच नोंद घेऊन मी घरी आले.

त्यानंतर मी तीनदा गेले, दोनदा ओमानमध्ये उतरून. तेव्हा कळलं की पहिल्या खेपेला मी फक्त झाडं पाहिली होती, पाणी पाहिलंच नव्हतं. अरबस्तानातलं जुनं मरुद्यान म्हणजे माणसांनी डोंगरातून आणलेलं आणि पाळीपाळीने वाटून घेतलेलं पाणी. ते पाणी कुठून येतं आणि कुठे जातं ते बघत चाललात तर तीन हजार वर्षांची गोष्ट पायाखाली उलगडते. तुमची पहिलीच खेप माझ्यासारखी वाया जाऊ नये म्हणून सगळं क्रमाने लिहिते आहे.

१. आधी कुठलं मरुद्यान ते ठरवा

आपल्याकडच्या लोकांना सगळ्यात सोपं अल ऐन. दुबईपासून साधारण दीड तास. नातेवाईक दुबई-शारजात असतील तर एका दिवसात जाऊन येता येतं, म्हातारी माणसं आणि लहान मुलंही आरामात चालू शकतात. इथली मरुद्यानं, हफीत डोंगराजवळची आणि हिलीची प्राचीन स्थळं २०११ मध्ये युनेस्कोच्या यादीत आली. अमिरातीतलं हे पहिलं जागतिक वारसास्थळ.

दुसरी पायरी ओमानची: निझवा, त्याच्या अलीकडचं बिरकत अल मौज आणि डोंगरावरचं मिस्फात अल अब्रियीन. इथे मरुद्यान हे बागेसारखं राखलेलं ठिकाण नाही, लोक अजून त्यावर जगतात. माझं मन इथेच रमलं. किमान दोन रात्री हाताशी असतील तरच जा.

इजिप्तचं सिवा तिसरं. लिबियाच्या सीमेजवळ, समुद्रसपाटीच्याही खाली, खाऱ्या सरोवरांच्या कडेला. इसवी सनपूर्व ३३१ मध्ये अलेक्झांडर अमून देवाचा कौल घ्यायला गेला होता ते हेच. मीठ आणि चिखलाच्या ढेपांनी बांधलेली तिथली शाली ही गढी १९२६ च्या तीन दिवसांच्या पावसाने ढासळली. जागा विलक्षण, पण कैरोहून रस्त्याने पोचायलाच अख्खा दिवस जातो आणि वाळवंटात आत शिरायला वेगळा परवाना लागतो. पहिल्या प्रवासाला सिवा नको. या लेखात मी अल ऐन आणि निझवाचंच सांगणार आहे.

२. महिना आणि वेळ

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. ऑक्टोबर आणि मार्च चालून जातात. मे ते सप्टेंबर पारा पंचेचाळिशीच्या पुढे जातो आणि दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसतं.

यात एक पेच आहे. खजूर पिकतो उन्हाळ्यातच. हिवाळ्यात गेलात तर हवा सुंदर, पण झाडांवर घड नाहीत. झाडावरचा ताजा, अर्धा कडक आणि अर्धा पाकात भिजल्यासारखा खजूर, ज्याला तिथे रुतब म्हणतात, तो खायचाच असेल तर जून-जुलै गाठा. पण मग उजाडल्यापासून नऊपर्यंतच फिरा. फेब्रुवारी-मार्चमध्ये गेलात तर आणखी एक गोष्ट बघायला मिळते. खजुरीत नर आणि मादी झाडं वेगळी असतात, त्यामुळे माणसं कमरेला दोराचा पट्टा बांधून झाडावर चढतात आणि नराचे तुरे मादीच्या फुलोऱ्यात हाताने खोचतात. मी अर्धा तास मान वर करून बघत उभी होते.

रमजान कधी आहे ते तिकीट काढण्याआधी पाहा. त्या महिन्यात दिवसा बरीच खाण्याची ठिकाणं बंद असतात, वेळा बदललेल्या असतात आणि चारचौघांत खाणंपिणं योग्य दिसत नाही.

३. कागदपत्रं

- पासपोर्ट, परतीच्या तारखेनंतरही सहा महिने चालणारा
- दोन्ही देशांत जाणार असाल तर दोघांचे वेगवेगळे व्हिसा, छापील प्रतीसह
- परतीचं तिकीट, राहण्याचं आरक्षण किंवा यजमान नातेवाईकांचा पत्ता आणि त्यांच्या रहिवासी ओळखपत्राची प्रत
- प्रवास विमा
- स्वतः गाडी चालवणार असाल तर आंतरराष्ट्रीय वाहन परवाना. तो आपल्या आरटीओतून मिळतो, एक वर्ष चालतो. सोबत मूळ भारतीय परवानाही हवा.
- रोजची औषधं असतील तर डॉक्टरांची चिठ्ठी, इंग्रजीत आणि सहीशिक्क्याची

यातले तीन सापळे नीट वाचा.

पहिला, अमिरातीचा एकदाच प्रवेश देणारा व्हिसा. त्यावर तुम्ही रस्त्याने ओमानला गेलात की तो संपला, परत दुबईत शिरता येत नाही आणि मुंबईचं परतीचं विमान मात्र दुबईहून असतं. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाला सीमेवरूनच मागे फिरावं लागलं, मस्कतचं हॉटेल बुडालं. अनेकदा प्रवेश देणारा व्हिसा घ्या, नाहीतर सरळ मस्कतला उतरून मस्कतहूनच परत या. ओमान हाच मुख्य बेत असेल तर दुसरा पर्याय बरा.

दुसरा, पासपोर्टवरचं नाव. जुन्या माणसांच्या पासपोर्टवर कधीकधी आडनावाचा रकाना रिकामा असतो. अमिरातीच्या भेटीच्या व्हिसाला त्यावर अडवतात. आईवडिलांना नेणार असाल तर त्यांचे पासपोर्ट आजच उघडून बघा, कारण दुरुस्तीला वेळ लागतो.

तिसरा, भाड्याची गाडी. दुबईत घेतलेली गाडी ओमानमध्ये न्यायची तर कंपनीचं ना-हरकत पत्र आणि ओमानमध्ये चालणारा विमा दोन्ही लागतात. हे गाडी घेतानाच बोलून ठेवा. सीमेवर पोचल्यावर काही होत नाही.

व्हिसाचे नियम वरचेवर बदलतात, म्हणून दोन्ही देशांची सरकारी संकेतस्थळंच प्रमाण माना. 'आमच्या शेजाऱ्यांना मिळाला होता' यावर तिकीट काढू नका.

४. बॅग भरताना खसखस बाहेर काढा

हे वेगळ्या मथळ्याखाली लिहितेय, कारण ही चूक मराठी घरातच होते. अमिरातीत खसखशीवर बंदी आहे आणि ती अमली पदार्थांच्या कायद्याखाली येते. दिवाळीनंतर बहिणीकडे जायचं म्हणून आपण अनारसे नेतो, आणि त्यांना खालून खसखस लावलेली असते. काही घरच्या मसाल्यांतही खसखस असते. अनारसे, खसखशीचे लाडू, आतलं जिन्नस नक्की माहीत नसलेला मसाला, सगळं घरीच ठेवा. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध आणि ट्रामाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्याही परवानगीशिवाय नेऊ नका. ड्रोन तर नेऊच नका.

बाकी सामान साधं: ओल्या दगडावर न घसरणारे बूट, टोपी, पाण्याची बाटली, आणि खांदे-गुडघे झाकणारे सुती कपडे. ओमानच्या गावांत शिरताना याची पाटीच लावलेली असते.

५. निघण्याआधी फलज समजून घ्या

याला तासभर द्या. हे समजलं नाही तर पुढची सगळी पायपीट खजुराच्या सावलीतला फेरफटका ठरते.

फलज म्हणजे पाण्याचा पाट, पण नुसता पाट नव्हे. डोंगराच्या पायथ्याशी भूजल लागेपर्यंत एक खोल विहीर खणतात, तिला म्हणतात 'उम्म अल फलज', म्हणजे फलजची आई. तिच्या तळापासून गावाच्या दिशेने अगदी थोडा उतार देत जमिनीखालून बोगदा काढतात. वरून ठरावीक अंतराने उभी भोकं पाडतात, हवेसाठी आणि गाळ काढायला. काही किलोमीटर असा अंधारातून वाहत आलेला प्रवाह गावाजवळ उघड्यावर येतो. ना पंप, ना मोट. उताराच्या जोरावर पाणी चालतं, आणि जमिनीखालून येत असल्याने वाटेत उन्हात आटत नाही.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. मी छत्रपती संभाजीनगरची. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला आमच्या शहराला पाणी आणलं ती नहर-ए-अंबरी याच कल्पनेची, जमिनीखालून, उताराने, मध्ये मध्ये उभी भोकं ठेवून. बुऱ्हाणपूरचा कुंडी भंडाराही तसाच, १६१५ चा. निझवाजवळच्या टेकडीवर अशा भोकांभोवतीची मातीची गोल कडी ओळीने दिसली तेव्हा माझ्या तोंडून आपोआप 'नहर!' असं निघालं.

फलज तीन प्रकारचे. जमिनीखालून येणारा तो दाऊदी, झऱ्यावरचा तो ऐनी, आणि नदीच्या पात्रातून उघड्यावर वळवलेला तो घैली. 'दाऊदी' नावामागे लोककथा आहे: दाऊदचा मुलगा सुलेमान ओमानात आला, तहानलेला मुलूख त्याने पाहिला आणि आपल्या जिन्नांना दहा दिवसांत दहा हजार फलज खणायला लावले. पुरातत्त्व वेगळं सांगतं. अल ऐनजवळ हिली इथे लोहयुगातला, सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचा फलज उत्खननात सापडला आहे. ओमानमध्ये आजही सुमारे तीन हजार फलज वाहते आहेत. त्यांतले पाच २००६ पासून जागतिक वारसा आहेत, आणि त्यांतल्या दोघांकडे आपण जाणार आहोत: निझवाचा दारिस आणि बिरकत अल मौजचा खतमीन.

पाणी गावात शिरल्यावर त्याला क्रम असतो, आणि मला सगळ्यात आवडतं ते हेच. अगदी वरच्या तोंडाशी पिण्याचं पाणी. तिथे कुणी हातही धूत नाही. त्याखाली मशिदीत वजूसाठी, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुवायला, मग पुरुषांचं न्हाणीघर, मग बायकांचं, मग भांडीकपडे, आणि त्यानंतर शेत. शेतातही आधी खजूर, कारण ती मुख्य. खजुरीच्या सावलीत लिंबं, केळी, डाळिंबं, आणि त्यांच्याखाली जनावरांसाठी लसूणघास. एकाच पाण्यावर तीन मजले. खालच्या मजल्यावरचा गारवा हेच मरुद्यानाचं गुपित: फाटकातून आत शिरताच हवा बदलते.

आणि वाटणी वेळेची. अर्ध्या तासाचं एक माप असतं, त्याला 'अथर' म्हणतात. कुणाला किती अथर आणि कुठल्या दिवशी, हे वारसाहक्काने ठरलेलं. दिवसा सावलीच्या काठीवर वेळ बघायचे, रात्री ताऱ्यांवर. आता घड्याळ आलं, पण वाट्याचा हिशेब तोच. काही वाटा फलजच्या स्वतःच्या नावावर असतो, त्याचा लिलाव करून डागडुजीचा खर्च भागतो. व्यवस्था बघणारा तो वकील. गावाने मिळून पाटाचं पाणी वाटून घ्यायच्या आपल्या फडपद्धतीतला पाटकरी, म्हणजे पाणी सोडणारा माणूस आठवा, धुळे-नाशिककडच्या वाचकांना लगेच उमजेल. रात्री दारं धरायला, म्हणजे शेताला पाणी द्यायला, गेलेल्या माणसाला तर मी काहीच समजावून सांगायला नको.

६. अल ऐनचा दिवस

गाडी नसेल तर दुबईच्या अल घुबैबा स्थानकातून ई-२०१ ही बस अल ऐनला जाते. नोल कार्डात, म्हणजे दुबईच्या बस-मेट्रोच्या कार्डात, पैसे भरून ठेवा. सकाळची लवकरची बस धरा. बसस्थानकापासून मरुद्यान चालण्याच्या अंतरावर आहे.

सुमारे १,२०० हेक्टरचं हे बन, त्यात १,४७,००० च्या आसपास खजुरी, शंभर जातींच्या. प्रवेशाला पैसे पडत नाहीत. मातीच्या कमरेएवढ्या भिंतींमधून सावलीच्या वाटा जातात. आत शिरलात की सगळ्यात आधी माहिती केंद्र गाठा, फलजची प्रतिकृती बघा, आणि मग वाटेशेजारचा पाट शोधून त्याच्या उलट दिशेने चालायला लागा. ऐनी आणि दाऊदी अशा दोन फलजचं पाणी इथे येतं. प्रत्येक वाफ्याशी दगड-चिंध्यांनी बुजवलेलं दारं, म्हणजे पाणी आत सोडायचं तोंड, दिसेल. बागेत काम करणाऱ्यांशी हिंदीत बोला, बहुतेकांना कळतं. एकदा एका काकांनी मला दारं उघडून दाखवलं आणि पाणी खजुरीच्या आळ्यात शिरताना आम्ही दोघं गप्प उभे राहिलो.

दुपारी अल जाहिली किल्ला करा. संध्याकाळ हिलीच्या पुरातत्त्व उद्यानासाठी ठेवा, तिथे सुमारे चार हजार वर्षांपूर्वीची गोल दगडी कबर आहे. जबल हफीतचा घाटरस्ता सुंदर आहे, पण बससह एका दिवसात हे सगळं कोंबू नका. मी हफीत सोडून द्यायला सांगेन.

७. निझवाकडे

मस्कतहून निझवा दीडशे किलोमीटरच्या आसपास, बसने दोन-अडीच तास. अल ऐनहून गाडीने यायचं तर सीमा ओलांडून इब्री, बहला, निझवा असा रस्ता. वाटेत अल ऐन नावाचंच ओमानी गाव आहे, तिथल्या मधमाश्यांच्या पोळ्यांसारख्या दगडी कबरी जरूर बघा. नकाशात मात्र गोंधळ होतो. 'ऐन' म्हणजे झरा, त्यामुळे या नावाची गावं बरीच. आरक्षण करताना देश तपासा.

गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालते. 'वादी' म्हणजे नदीचं कोरडं पात्र, आपल्या वाडीशी त्याचा संबंध नाही. डोंगरात पाऊस पडला तर वरून ऊन असतानाही वादीला लोंढा येतो. रस्त्यावरून पाणी वाहत असेल तर गाडी घालू नका. माणसं वाहून जातात, आणि वाहत्या वादीत गाडी घालणं तिथे गुन्हाही आहे. जबल अख्दर या डोंगरावर जायचं असेल तर फोर-बाय-फोर गाडीच लागते, चौकीवर साध्या गाड्या परत पाठवतात.

निझवाला गुरुवारी मुक्काम करा. शुक्रवारी पहाटे किल्ल्याजवळ शेळ्यामेंढ्यांचा बाजार भरतो. मालक जनावर धरून गोल फिरतात आणि कडेला बसलेले खरीददार हात लावून बघतात, बोली लावतात. नऊपर्यंत सगळं आटोपतं, आणि दुपारी नमाजासाठी बाजार बंद. नंतर किल्ला. सतराव्या शतकातला तो प्रचंड गोल बुरुज बांधायला बारा वर्षं लागली. आत खजुराची कोठी बघायला विसरू नका: जमिनीला पन्हळी आहेत, त्यावर पोती रचायची, आणि स्वतःच्याच वजनाने गळणारा पाक पन्हळीतून मडक्यात. हाच उकळता पाक दारावरच्या भोकांतून हल्लेखोरांवर ओतत. बुरुजावर चढून चहूकडे बघा. शहराभोवती हिरवा पट्टा जिथे संपतो, तिथे फलजचं पाणी संपलं.

बिरकत अल मौज, म्हणजे केळीचं तळं, मस्कतच्या वाटेवरच आहे. इथे खतमीनचं पाणी तीन सारख्या पाटांत विभागलं जातं ती जागा विचारून जा. मी तिथे तासभर बसले. वरच्या अंगाला जुनं मातीचं गाव ओस पडलंय, आत पडक्या भिंती आहेत, जपून फिरा.

मिस्फातला साधी गाडी गावाच्या तोंडाशी जाते, पुढे पायऱ्या. फलजच्या कठड्यावरून चालायची वाट एका पायाएवढीच रुंद आहे. गुडघे दुखणाऱ्यांनी वरच्या भागातच थांबावं. एक रात्र इथे राहाल तर राहा. रात्री गावभर पाण्याचा आवाज असतो.

८. पाण्याशी कसं वागायचं

पाटात पाय बुडवायचे तर खालच्या अंगाला, आणि साबण अजिबात नाही. पाटाच्या दाराशी लावलेला दगड मुलांना हलवू देऊ नका, त्या दाराने कुणाच्या तरी अर्ध्या तासाचं पाणी चाललेलं असतं. झाडाचा खजूर तोडू नका. मागितलात तर लोक ओंजळभर देतात. न्हाणीघराच्या बाजूला कॅमेरा नको, आणि बायकांचे फोटो विचारल्याशिवाय नकोत. कुणी कॉफी आणि खजूर पुढे केला तर नाही म्हणू नका. कप भरत राहू नये असं वाटलं की तो हलकेच हलवून परत द्यायचा.

९. खजूर आणताना

पर्यटकांच्या दुकानांतले चॉकलेट लावलेले डबे सोडा. निझवाच्या बाजारात चाखून घेता येतं. खलास मऊ आणि काकवीसारखा, फर्द गडद आणि टिकाऊ. 'मबसली'ही विचारा. ओमानात ही जात अर्धी पिकल्यावर मोठ्या कढयांत उकळतात आणि उन्हात वाळवतात, आणि त्यातला मोठा माल भारतात येतो. आपल्या वाण्याकडची ती खारीकच. माझ्या आईने पिशवी उघडून एक तोंडात टाकली आणि म्हणाली, 'अगं, ही तर बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवातली.'

खजुराच्या पाकाची बाटली, तिथे तिला दिब्स म्हणतात, मोठ्या बॅगेत कपड्यांत गुंडाळून ठेवा. हातातल्या बॅगेत ठेवलीत तर विमानतळावर काढून घेतील.